वहिनी, एकट्या आकड्यावर जाऊ नका

ती. सौ. वहिनींस,


रविवारी रात्री तुम्ही पाठवलेला रिपोर्ट पाहिला. पहिल्या केमोआधी सीए 15-3 होतं 148 आणि दुसऱ्या केमोच्या आदल्या दिवशी 191. खाली तुम्ही एवढंच लिहिलं होतंत, ‘म्हणजे औषध लागू पडत नाही ना?’ फोनवर मी काहीतरी सांगितलं, पण तुम्ही गप्प होतात, मागून दादा मध्येमध्ये बोलत होता, आणि जे सांगायचं ते नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. तुमच्या परवानगीने ते छापायलाही देते आहे, कारण लॅबच्या काउंटरपलीकडे रिपोर्ट हातात घेऊन हाच प्रश्न विचारणाऱ्या कितीतरी जणी मी नोकरीभर पाहिल्या आणि तिथे उभ्याउभ्या कुणालाच पुरेसं सांगता येत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या दोन आकड्यांवरून औषध लागू पडत नाही असं म्हणता येत नाही. लागू पडतंय असंही म्हणता येत नाही. तुम्हाला खोटा धीर देण्यात मला रस नाही. तुम्ही घरातल्या सगळ्यांत जास्त सरळ बोलणाऱ्या आहात आणि तुमच्याशी मला सरळच बोललं पाहिजे. 148 चे 191 म्हणजे 29 टक्के वाढ. पंचवीस टक्क्यांच्या आतला फरक आम्ही फारसा मनावर घेत नाही, कारण एकाच माणसाचं रक्त दोन वेगळ्या दिवशी तपासलं तरी तेवढं इकडेतिकडे होऊ शकतं. तुमची वाढ त्याच्या जराशी वर आहे, म्हणजे ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण ती कोणत्या वेळी दिसली हे पाहणं तेवढंच महत्त्वाचं आहे, आणि ते त्या कागदावर कुठेच छापलेलं नसतं.

सीए 15-3 म्हणजे काय, हे तुम्हाला आजवर कुणी बसून सांगितलं नसणार. स्तनातल्या दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या आतल्या पेशींवर म्यूक-1 नावाचं एक लांबलचक, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं प्रथिन असतं. निरोगी पेशीत ते फक्त नलिकेच्या पोकळीकडच्या बाजूला असतं, त्यामुळे रक्तात फारसं उतरत नाही. पेशी कॅन्सरची झाली की ही शिस्त मोडते. प्रथिन पेशीच्या सगळ्या अंगाला पसरतं, भरमसाट तयार होतं, त्याचे तुकडे सुटतात आणि रक्तात येतात. हे तुकडे ओळखणाऱ्या दोन अँटिबॉडी 1980 च्या दशकात तयार झाल्या, एक अ‍ॅमस्टरडॅममध्ये आणि एक बोस्टनमध्ये. आजही तपासणी त्याच तत्त्वावर चालते. तुमच्या रक्ताची पिवळ्या झाकणाची नळी आली की आम्ही ती अर्धा तास उभी ठेवतो, रक्त पूर्ण गोठू देतो, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. लाल पेशी खाली बसतात, मधे जेलचा थर येतो आणि वर फिकट पिवळा सीरम राहतो. मशीन त्यातला थेंबभर सीरम उचलतं. एक अँटिबॉडी तुकडा पकडते, दुसरी त्याच तुकड्याला दुसऱ्या जागी चिकटते, आणि तिला जोडलेल्या रसायनातून उजेड पडतो. जेवढे तुकडे, तेवढा उजेड. तो उजेड मोजून 191 लिहिला जातो.

म्हणजे मशीनने मोजले ते तुकडे. गाठ मोजली नाही. तुकडे रक्तात किती आले, का आले आणि लिव्हरने त्यातले किती बाहेर काढले, यातलं काहीच मशीनला कळत नाही.

तुमची पहिली केमो होऊन तीन आठवडे झाले होते. डोसेटॅक्सेलने पेशी मरायला लागल्या की मरता मरता त्या आपल्या अंगावरचा आणि पोटातला माल रक्तात सोडतात. त्यामुळे औषध लागू पडत असतानाच सुरुवातीला सीए 15-3 सारखा मार्कर वर जातो आणि नंतर उतरू लागतो, असं काही रुग्णांत होतं. सगळ्यांत होत नाही, पण इतक्यांत होतं की अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने ट्यूमर मार्करविषयी 2007 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मुद्दाम बजावलं आहे, नवीन उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत वाढलेल्या सीए 15-3 चा अर्थ लावताना सावध राहा. तुमचा नमुना नेमका त्याच काळातला आहे. आता माझं स्वतःचं मत सांगते. त्या दिवशी हा मार्कर काढायचीच गरज नव्हती. केमोआधी काउंट, लिव्हर आणि किडनी पाहावी लागते, त्यावर डोस द्यायचा की थांबायचा हे ठरतं. मार्करवर त्या दिवशी काहीच ठरणार नव्हतं. कुणीतरी फॉर्मवर एक खूण जास्त केली आणि तुमची चार रात्रींची झोप गेली.

दुसरी गोष्ट. केमोच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पोटावर जे इंजेक्शन घेता, पांढऱ्या पेशी वाढवणारं, त्यानेही सीए 15-3 काही प्रमाणात वर जाऊ शकतं. ऑपरेशननंतर अंगात आजाराची खूण नसलेल्या बायकांतही ते इंजेक्शन चालू असताना मार्कर चढलेला आणि बंद झाल्यावर उतरलेला दिसला आहे. लिव्हरला सूज असेल, जुनी कावीळ असेल, तरी आकडा वाढतो. आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायची बाब म्हणजे बी-12. त्याची कमतरता फार वाढून रक्त कमी झालं, तर कॅन्सर नसलेल्या माणसातही सीए 15-3 वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि बी-12 दिल्यावर ते खाली आल्याच्याही. तुमचा जन्म शाकाहारी घरात गेला, आता दोन महिने दूधदही तोंडाला लागत नाही. बी-12 तपासलंय का, हे मी दादाला विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरांना पुढच्या वेळी आठवणीने विचारा. 191 चं सगळं खापर बी-12 वर फोडावं असं मी म्हणत नाही, पण हा प्रश्न विचारण्याचा आहे.

आणि ती केसांची गोळी. तुमच्या भाचीने पुण्याहून पाठवलेली, बायोटिनची. प्रेमाने पाठवली हे खरं, पण बंद करा, निदान रक्त द्यायच्या आधी काही दिवस तरी, आणि घेत असाल तर रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगा. मी मघाशी सांगितलेली ती अँटिबॉडी पकडून ठेवायला काही कंपन्यांची मशीन बायोटिनच वापरतात. रक्तात बाहेरून बायोटिनचा पूर आला की पकड सुटते आणि या प्रकारच्या तपासणीत आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये डॉक्टर आणि लॅबना याचा जाहीर इशारा दिला होता. आकडा खोटा कमी येणं हे मला खोटा जास्त येण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. सगळे निर्धास्त होतात आणि आजार आपलं काम करत राहतो.

लॅबही बदलू नका. पहिला रिपोर्ट साताऱ्याचा, दुसरा पुण्याचा, तिसरा घरी येऊन रक्त नेणाऱ्याचा, असं केलं की तीन आकड्यांची एक रेघ काढता येत नाही. प्रत्येक कंपनीच्या मशीनचं मोजमाप थोडं वेगळं असतं. एका रिपोर्टवर ‘25 पर्यंत ठीक’ असतं, दुसऱ्यावर ‘31 पर्यंत’. ते दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तुमचे दोन्ही रिपोर्ट एकाच ठिकाणचे आहेत हे मी पाहिलं. तेच चालू ठेवा.

आता मार्कर काढूच नये असं माझं म्हणणं नाही. माझी सगळी नोकरी या नळ्यांमध्ये गेली, त्यांची किंमत मला माहीत आहे. आजार शरीरात दुसरीकडे पोचलेला असताना बहुसंख्य बायकांत सीए 15-3 वाढलेलं असतं, आणि महिन्यांमागून महिने एकाच लॅबमध्ये काढलेले आकडे ओळीने खाली येत असतील तर ती खरोखरची चांगली खबर असते. ओळीने वर जात असतील तर स्कॅन लवकर करायला सांगणारी ती सूचना असते. काही बायकांत आजार फक्त हाडांत असतो. हाडांतल्या जागा नीट मोजता येत नाहीत, औषधाने हाड भरून येतानाही बोन स्कॅनवर ती जागा काही काळ जास्त उजळ दिसू शकते आणि आजार वाढल्याचा भास होतो. अशा वेळी मार्करचा आधार जास्त घ्यावा लागतो. तुमच्या बाबतीत हाडांबरोबर लिव्हरमध्ये दोन जागा आहेत, त्या सिटी स्कॅनवर सेंटिमीटरमध्ये मोजता येतात. मग जे मोजता येतं ते मोजूया. त्या मापात तीस टक्के घट झाली तर औषध चांगलं लागू पडलं असं डॉक्टर म्हणतात, वीस टक्क्यांची ठळक वाढ झाली किंवा नवीन जागा दिसली तर आजार पुढे गेला असं धरतात. मधलं काही असेल तर आजार थांबून आहे, आणि थांबून असणं हीसुद्धा या आजारात मिळवलेली गोष्ट असते.

तुमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट वेगळी आहे, त्यांच्याशी तुलना करू नका. त्यांचा मार्कर पहिल्यापासून 14 होता आणि त्यावरून तुमच्या घरी बरीच चर्चा झाली असं कळलं. त्यांची गाठ स्तनात आणि काखेतच आहे, केमो ऑपरेशनच्या आधी चालू आहे. आजार तिथवरच असताना बहुतेक बायकांत हा मार्कर वाढलेलाच नसतो. त्यांच्या केमोचा परिणाम डॉक्टर हाताने तपासून, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहतात, आणि ऑपरेशननंतर काढलेल्या भागाची पॅथॉलॉजी जे सांगेल ते शेवटचं. 14 चा अर्थ त्यांचा आजार बारीकसा आहे असा होत नाही आणि 191 चा अर्थ तुमचं सगळं संपलं असाही होत नाही. याच कारणाने निरोगी बायकांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीए 15-3 घालून विकलं जातं ते मला अजिबात मान्य नाही. ज्यांची गाठ लवकर सापडायला हवी त्यांच्यात ते नॉर्मल येतं आणि त्या बायका हाताला लागलेली गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. दादा म्हणाला, ‘आकडा वाढला तर लगेच औषध बदलायला काय हरकत आहे? वाट कशाला पाहायची?’ त्याची तगमग मला कळते. हाच प्रश्न अमेरिकेतल्या डॉक्टरांनाही पडला होता, आणि त्यांनी तो नुसता चर्चेत न ठेवता तपासून पाहिला. त्यांनी मार्करऐवजी रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजल्या. 2004 मध्ये असं दिसलं होतं की साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर तो आजार जास्त हट्टी असतो. मग स्वॉग नावाच्या संशोधन गटाने 595 बायकांना अभ्यासात घेतलं. पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांनी ज्यांच्या पेशी कमी झाल्या नाहीत अशा 123 जणी निघाल्या. त्यातल्या अर्ध्या जणींचं औषध चिठ्ठी टाकावी तसं, कुणाचीही निवड न करता, ताबडतोब बदललं. उरलेल्या अर्ध्या जणींना तेच औषध चालू ठेवलं आणि स्कॅनवर किंवा तब्येतीत आजार वाढल्याचं दिसल्यावरच बदललं. 2014 मध्ये निकाल छापून आला. घाईने औषध बदललेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. दोन्ही गटांत फरक पडला नाही.

वहिनी, हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. रक्तातला इशारा खोटा नव्हता. ज्यांच्या पेशी उतरल्या नाहीत त्यांचा आजार खरोखरच अवघड होता. पण इशारा खरा असणं आणि त्यावर तातडीने हालचाल केल्याने भलं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. आणि तो अभ्यास तर मार्करपेक्षा कितीतरी नेमकी वस्तू मोजत होता. मग एका, तेही पहिल्या सहा आठवड्यांतल्या सीए 15-3 वर औषध टाकून देणं कसं पटावं? केमोची औषधं काही न संपणारी नाहीत. एक औषध पुरतं न अजमावता सोडलं तर त्यातून जे मिळणार होतं ते गेलं, आणि पुढच्या औषधाकडे आपण आजाराने भाग पाडण्याआधीच पोचलो. मला सगळ्यात भीती याचीच वाटते. औषध चालत असताना घाबरून ते सोडून देण्याची.

सुहासने पाठवलेली ‘लिक्विड बायॉप्सी’ची बातमी वाचली. पोराने आईसाठी बरंच वाचलंय, त्याला शाबासकी द्या. त्यात तथ्यही आहे. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात येतो आणि काही तासांत नाहीसा होतो, त्यामुळे आजची स्थिती तो मार्करपेक्षा लवकर दाखवतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2013 मध्ये आजार पसरलेल्या 30 बायकांत हे तपासलं. त्यातल्या 29 जणींच्या रक्तात हा डीएनए सापडला, तर सीए 15-3 तपासलेल्या 27 जणींपैकी 21 जणींतच वाढलेलं होतं. म्हणजे डोळा जास्त तीक्ष्ण आहे. काही बायकांत पुढची हार्मोनची गोळी कोणती द्यायची हे त्या तपासणीवरून ठरवतातही. पण केमो चालू असताना दर वेळी ती करून, तिच्यावरून औषध बदलल्याने बाई जास्त जगते असं अजून सिद्ध झालेलं नाही. खर्चही मोठा आहे. पुढे गरज पडली तर डॉक्टर स्वतः सुचवतील. आत्ता सोनं मोडून ती करू नका. हो, दादाने सोन्याचा विषय काढला होता, म्हणून लिहिते.

तुमच्याकडून मला मात्र एक काम हवं आहे, आणि ते कुठल्या लॅबला जमणार नाही. तुम्ही ज्या वहीत दुधाचा आणि किराण्याचा हिशोब लिहिता, तिच्यातच रोज एक ओळ लिहा. दुखण्याची गोळी किती वेळा लागली. पाठीच्या दुखण्याने रात्री जाग आली का. दोन पोळ्या गेल्या की अर्धी. जिना चढताना दम लागला का. हे मी तुम्हाला गुंतवून ठेवायला सांगत नाही. परवा बोलता बोलता तुम्ही म्हणालात की हल्ली पाठीवर पडून झोपता येतं, पूर्वी कुशीवरच झोपावं लागायचं. तुम्ही सहज बोललात, मी मात्र तिथेच थांबले. पहिल्या केमोआधी दिवसाला तीन गोळ्या लागायच्या, आता एकीवर भागतंय, हेही दादाने सांगितलं. ही माहिती डॉक्टरांपर्यंत गेली का? गेली नव्हती. तुम्ही ओपीडीत बसून 191 चाच कागद पुढे केलात. डॉक्टरांना तिन्ही गोष्टी लागतात, तुमचं सांगणं, त्यांनी स्वतः तपासलेलं आणि स्कॅन, आणि त्यांच्या सोबतीला मार्कर. पाठ हलकी झाली म्हणजे आजार मागे हटला असं मी लगेच म्हणणार नाही. केमोआधीच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही दोनतीन दिवस बरं वाटतं. म्हणून तर रोजचं लिहून ठेवायचं, त्या गोळ्यांचे दिवस वेगळे दिसतात.

एक अवघड गोष्ट लिहिते. दादाने मला फोन करून सांगितलं, ‘यापुढे रिपोर्ट तिच्या फोनवर यायला नको, माझ्या नंबरवर घेतो, वाढला असला तर सांगणार नाही.’ मी त्याला नाही म्हटलं. तो चिडला, पण नाहीच म्हटलं. तुम्ही या घरात आलात तेव्हापासून आईच्या औषधपाण्याचं, माझ्या लग्नाचं, शेतीच्या कर्जाचं सगळं तुम्ही निभावलंत. तुमच्या रक्तात काय आहे हे तुमच्यापासून लपवायचा हक्क आम्हाला कुणी दिला? रिपोर्ट तुमच्याच फोनवर येईल. एवढंच करूया, रात्री एसएमएस आला तरी तो सकाळी उघडायचा, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. गेल्या वेळी तिथे आधी नऊ जणांची मतं आली आणि डॉक्टरांचं मत सगळ्यात शेवटी आलं. हा निर्णयही तुमचाच, मी फक्त सुचवते.

तिसऱ्या केमोनंतर सिटी स्कॅन ठरलाय, तो त्याच वेळेवर होऊ द्या, पुढे ढकलू नका आणि अलीकडेही ओढू नका. त्याच सुमाराला मार्कर काढला तर दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील. समजा लिव्हरमधल्या जागा वाढलेल्या निघाल्या, तर ती वाईट बातमी असेल आणि आपल्याला औषध बदलावं लागेल. तेव्हा मी तुम्हाला ‘काही नाही हो’ असं म्हणणार नाही. पण तेव्हा बदल पुराव्यावर होईल, आणि पुढचं औषध डॉक्टरांनी आधीच मनात धरलेलं आहे, तेही मी त्यांच्याशी बोलून घेतलंय. आणि 191 वरून आकडा उतरलेला असेल, जागा लहान झाल्या असतील, तर हेच औषध आणखी पुढे चालेल. तुमची नखं काळी पडताहेत, बोटांना मुंग्या येतात, ते त्या वेळी जरूर सांगा. डोस कमी करण्याची सोय असते, सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही.

स्कॅनच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने येते. आधीच्या स्कॅनची सीडी, दोन्ही मार्करचे रिपोर्ट आणि ती हिशोबाची वही पिशवीत भरून ठेवा. स्कॅनच्या डाईसाठी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात, तो आदल्या दिवशी करून घ्या, आणि रक्त काढणाऱ्याला उजव्या हाताची मनगटाजवळची शीर दाखवा, कोपराजवळची आता मिळत नाही. डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही, दादा आणि मी तिघं जाऊ. पहिलं तुम्ही बोलायचं.

तुमची नणंद